पंपघरातले पांढरे स्क्रू

तलावावर पोहायला येणारी मुलं तिला पंपताई म्हणत. पंपघर, गाळण्या, पाण्यात घालायची औषधं हे सगळं तिच्याकडे होतं. दिवसातून तीनदा पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात थेंब टाकून रंग बघायचा आणि पाण्याचा आम्लपणा कमी झाला असेल तर आम्लाचा पंप किंचित वाढवायचा. घरी मात्र तिच्या कामाला एवढा मान नव्हता. सासरे, म्हणजे आबा, चाळीस वर्षं एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी हातोडे, दट्टे, हाताएवढाले बोल्ट हाताळले होते. सुनेच्या नोकरीला ते ‘पाणी ढवळायचं काम’ म्हणत आणि सहा वर्षांत एकदाही ते बघायला गेले नव्हते. त्यांचा मुलगा भूगोलाचा मास्तर. त्यानं आयुष्यात एकच स्क्रू पिळला होता, तो स्वतःच्या चष्म्याचा, आणि तोही घरंगळून कपाटाखाली गेला होता. त्यामुळे घरात हत्यारांविषयी बोलायला आबांना सुनेशिवाय कुणी उरलं नव्हतं. पण हे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं.

भानगड सुरू झाली ती आम्लाच्या पंपावरून. आम्लाच्या टाकीवर हा छोटा पंप बसवलेला होता, आणि त्याचं डोकं चार स्क्रूंनी आवळलेलं होतं. स्क्रू करंगळीएवढे, सहा मिलिमीटरचे. टाकीतून निघणारी वाफ सगळी त्यांच्यावर. साधे पोलादी स्क्रू तीन आठवड्यांत गंजले. पितळी हिरवे पडले. मग आबांनी आपल्या पत्र्याच्या पेटीतून, अगदी तळाच्या कप्प्यातून, चार स्टेनलेसचे स्क्रू काढून दिले.

“घे. हे तुझ्या पंपालाही पुरून उरतील,” ते म्हणाले.

दोन महिन्यांनी तिनं ते चारही स्क्रू कागदाच्या पुडीत घालून घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर उघडले. त्यांतल्या दोन स्क्रूंची डोकी वाळवी लागल्यासारखी खाल्ली गेली होती. आबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“तू धुतलेस कशानं?”

“धुतले नाहीत आबा. ते असेच निघाले.”

“मग पंपच चुकीचा असेल.”

त्याच आठवड्यात तिनं नायलॉनच्या स्क्रूंची शंभरची पिशवी आणली. पांढरेशुभ्र, हलके. मूठभर हातात घेतले तरी वजन म्हणून नाही. आबांनी त्यातला एक उचलला, नखानं खाच तपासली, टेबलावर टाकून आवाज ऐकला. आवाज असा आलाच नाही.

“हे दुधाचे दात कुठून आणलेस?” त्यांनी विचारलं.

सासूबाई भाजी चिरत होत्या, त्या हसल्या. सूनही हसली. पण मनात तिनं ठरवलं होतं की आता वर्षभर या स्क्रूंना हात लावायचा नाही. प्लास्टिक गंजत नाही, संपला विषय, असं तिचं सरळ गणित होतं.

आठव्या दिवशी दुपारी पंपाचं डोकं एका बाजूनं उचकटलं. आम्लाची बारीक पिचकारी भिंतीवर उडाली आणि चुन्याचा थर फेसाळून खाली आला. ती समोर नव्हती म्हणून वाचली. बटण बंद करून, हातमोजे चढवून तिनं सगळं पाण्यानं धुवून काढलं. तलाव दोन दिवस बंद ठेवावा लागला. सकाळी पोहायला येणाऱ्या आजीबाईंच्या गटानं फाटकाबाहेर उभं राहून तिला भरपूर ऐकवलं. त्यांतली एक, टोपीवर फुलं असलेली, म्हणाली, “अगं, आम्ही इथे सांधे मोकळे करायला येतो आणि तुझेच सांधे निखळले.”

व्यवस्थापक भला माणूस होता. तो रागावला नाही, फक्त भिंतीवरच्या वेळापत्रकावर बोट ठेवून उभा राहिला. बारा दिवसांनी शाळकरी मुलांच्या शर्यती होत्या.

“तोवर हातानं औषध घालाल?”

“घालीन. पण शर्यतीच्या दिवशी पाचशे मुलं पाण्यात उतरणार, तेव्हा हातानं जमणार नाही.”

“मग काय ते ठरवा,” तो म्हणाला. “तुम्हाला कळतं, मला नाही.”

घरी तिनं हे सांगितलं नाही. मोडलेले स्क्रू पर्सच्या आतल्या कप्प्यात होते. पण फुलांच्या टोपीवाल्या आजी आणि आबा एकाच बाकावर संध्याकाळी बसत, हे ती विसरली होती. रात्रीचं ताट वाढताना आबा अगदी सहज म्हणाले, “सूनबाई, दात पडले म्हणे.”

तिनं पर्स उघडली आणि तुकडे टेबलावर ठेवले. आबांनी एकेक तुकडा दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. एक तुकडा त्यांनी दोनदा पाहिला. आता ऐकवतील म्हणून ती वाट बघत होती. पण ते म्हणाले, “उद्या दुकानात जाणार असशील तर मीही येतो. मला पाय मोकळे करायचेत.”

प्लास्टिकच्या सुट्या भागांचं दुकान एका बोळात होतं. दुकानदारीण पन्नाशीची, चष्म्याला दोरी बांधलेली, आणि तिच्या मागे छताला टेकणारे छोटे छोटे खण. सुनेनं म्हटलं, सहा मिलिमीटरचे प्लास्टिकचे स्क्रू हवेत, जरा चांगले. दुकानदारीण स्टुलावर टेकली.

“चांगले म्हणजे कुणासाठी चांगले? ऊन लागतं?”

“नाही. आत असतात.”

“उष्णता?”

“हाताला कोमट लागेल इतपत.”

“वीज अडवायची आहे का?”

“नाही.”

“हादरे?”

“पंप आहे, थरथरतो.”

“आणि अंगावर काय उडतं?”

“आम्ल. त्याची वाफही.”

दुकानदारिणीनं चष्म्यावरून पाहिलं. “आणि तुम्ही नायलॉन लावलं होतं.”

सुनेनं मान हलवली. आबा मागे उभे राहून खणांवरच्या चिठ्ठ्या फार मन लावून वाचत होते.

“सगळेच लावतात. पांढरं ते सगळं दूध समजतात,” ती म्हणाली. “नायलॉन चिवट, तेलाला भीत नाही, विजेच्या कामाला एक नंबर. पण पाणी पिऊन फुगतं, आणि तीव्र आम्लात तर जीवच सोडतं. तुम्ही आधी विचारलं असतं तर मी दिलं नसतं.”

“नायलॉन मी तुमच्याकडून घेतलं नव्हतं,” सून म्हणाली.

“ते दिसतंच आहे.”

आबांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

दुकानदारिणीनं चार प्रकारचे नमुने काढले. चारही पांढरे किंवा दुधी. एकमेकांत मिसळले तर कोण कोणता ते कळू नये असे. नायलॉन होतंच. दुसरं अ‍ॅसिटाल, कडक आणि गुळगुळीत. तिसरं पॉलिप्रॉपिलीन, हाताला मेणासारखं. चौथं पीव्हीडीएफ, ते तिनं वेगळ्या डबीतून काढलं आणि त्याचे मोजून सात स्क्रू तिच्याकडे होते.

“मागवले तर महिना लागेल. हे महाग पडतात,” ती म्हणाली. “मी सांगते म्हणून घेऊ नका. तुमचंच आम्ल घ्या, त्यात बुडवून ठेवा, आणि बघा.”

सुनेनं ते सातही घेतले, बाकीचे थोडे थोडे.

पंपघराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला, एक सिमेंटचा ओटा होता. तिथे तिनं चार काचेच्या बरण्या मांडल्या, गॉगल आणि मोजे घालून प्रत्येकीत आम्ल ओतलं, एकेक स्क्रू सोडला आणि झाकणं सैल ठेवली. ओट्याभोवती दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकावर आबा उभे. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री.

“इकडूनच चाललो होतो,” ते म्हणाले. तलावाच्या पलीकडे रस्ता संपत होता आणि पुढे भिंत होती.

तिनं त्यांना दोरीबाहेर खुर्ची दिली. त्यांनी बरण्या पाहिल्या, मग पंपघर पाहिलं, गाळण्यांच्या टाक्या पाहिल्या, दाबाची तबकडी ठोठावून पाहिली. किती पाणी दर तासाला फिरतं ते विचारलं. आकडा ऐकून त्यांनी तबकडी पुन्हा एकदा वाचली.

“एवढं सगळं तू एकटी बघतेस?”

“दुसऱ्या पाळीला एक जण असतो.”

“हं,” आबा म्हणाले. घरी गेल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं की सूनबाईकडे बरीच यंत्रं आहेत. ढवळण्याचा उल्लेख त्या दिवसापासून झाला नाही.

नंतर ते रोज यायला लागले. बरण्यांवर इंग्रजी नावं होती, ती त्यांना पसंत नव्हती. त्यांनी खडूनं आपली नावं लिहिली. नायलॉनला ‘दुधाचे दात’. अ‍ॅसिटालला ‘खडू’. मऊ पॉलिप्रॉपिलीनला ‘मेणबत्ती’. आणि पीव्हीडीएफला ‘जावई’.

“जावई का?” तिनं विचारलं.

“महाग आहे, मोजकेच मिळतात, आणि काय बिघडलं तर आपल्यालाच बोल.”

घरी जावई कुणी नव्हता, त्यामुळे हे कुणाला लागलं नाही.

दुधाच्या दातांचं दुसऱ्या दिवशीच पीठ झालं. खडू चौथ्या दिवशी बरणीत उभा फुटला. आबांनी नाव सार्थ ठरलं म्हणून तिच्याकडे पाहिलं. मेणबत्ती आणि जावई आठवडाभर तसेच. तिनं ते चिमट्यानं काढले, धुतले, वाकवून पाहिले. दोघांनाही काही झालं नव्हतं.

“मग मेणबत्तीच लाव की,” आबा म्हणाले. “स्वस्तात काम झालं.”

तिनं लावून पाहिले. टाकीत आम्लाऐवजी साधं पाणी भरलं आणि पंप सुरू केला. दोन तासांत थरथरीनं मऊ स्क्रू ताणले गेले आणि डोक्याच्या कडेनं थेंब दिसायला लागले. आम्ल सोसायचं बळ त्यांच्यात होतं, आवळून धरायचं नव्हतं.

राहिला जावई. बरणीतला एक वापरायचा नाही असं तिनं ठरवलं, म्हणजे हाताशी सहा. लागणार चार. शर्यतींना तीन दिवस.

आबा पुढे सरसावले. “दे इकडे. चाळीस वर्षं हेच केलंय.”

तिला नाही म्हणवेना. त्यांनी पहिला स्क्रू आट्यात धरला, सुंदर सरळ बसवला, एकही आटा चुकला नाही. स्क्रू डोक्यापर्यंत टेकला. मग, सवयीनं, त्यांच्या मनगटानं शेवटचा पाव फेरा दिला. बारीकसा आवाज झाला आणि पांढरं डोकं त्यांच्या पायाशी पडलं.

“माल सदोष असेल,” आबा म्हणाले.

दुसरा स्क्रू त्यांनी जपून बसवला. पण जपून म्हणजे त्यांच्या मानानं जपून. पाव फेऱ्याऐवजी अर्धा पाव. तेवढाही पुरला.

आबांनी स्क्रू ड्रायव्हर पंपाशेजारी ठेवला, त्याची मूठ तिच्याकडे करून. छत्री घेतली. “चार उरलेत,” ते म्हणाले. “तू बसव. माझा हात यासाठी नाही.” आणि ते निघून गेले. फाटकापर्यंत त्यांनी छत्री उघडली नाही, ऊन भरपूर असताना.

तिनं त्या दिवशी स्क्रू बसवले नाहीत. अडकलेले तुकडे तापवलेल्या सुईनं हळूहळू उलटे फिरवून बाहेर काढले आणि आटे साफ केले. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी फाटकाशी कुणी आलं नाही. फुलांच्या टोपीवाल्या आजींनी पाण्यातूनच विचारलं, “आज इन्स्पेक्टर नाहीत का?” तिनं नाही म्हटलं, आणि मग तिला खुर्ची रिकामी बघवेना.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर लाकडाची फळी होती. फळीवर एक धातूची पट्टी, पट्टीला आटे पाडलेली आठ भोकं. आबा डोळे मिटून बसले होते आणि दोन बोटांत स्क्रू ड्रायव्हर धरून नायलॉनचा स्क्रू पिळत होते. बाजूच्या वाटीत मोडकी डोकी. शंभरची पिशवी निम्म्यावर आली होती.

“सकाळपासून हेच,” सासूबाई म्हणाल्या. “मला टेबल मिळालं नाही. पस्तीस मोडले.”

“तेहतीस,” आबा डोळे न उघडता म्हणाले. “दोन तुझ्या हातून मोडले.”

“मला करून बघ म्हणालात म्हणून.”

सून समोर बसली. आबांनी स्क्रू थांबवला, अगदी जागच्या जागी, आणि डोळे उघडले.

“पोलाद सांगत नाही,” ते म्हणाले. “तू पिळत राहा, ते भांडत राहतं, म्हणून मजा येते. हे तसं नाही. हे आधी कुरकुरतं. बोटाला जाणवतं, जरासं मऊ लागतं. तिथे थांबायचं. तळहात लावायचा नाही. तळहात लावला की मी फिटर होतो.”

“आणि दोन बोटांनी?”

“दोन बोटांनी माणूस होतो, असं तुझ्या सासूचं म्हणणं.”

ती हसली, आणि मग तिला वाटलं, आता सांगून टाकावं. “आबा, त्या दिवशी पंप उचकटला ना, चारांतले तीन स्क्रू आम्लानं गेले. चौथा माझ्यामुळे. सैल वाटला म्हणून आदल्या संध्याकाळी मी जोर लावला होता. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही.”

“माहीत होतं मला.”

“कसं?”

“तीन तुकड्यांची तोंडं भुसभुशीत होती. एकाचं तोंड स्वच्छ, पिळून तुटलेलं.” ते पुढचा स्क्रू घेत म्हणाले, “मोड बघितली की कळतं, कुणी काय केलंय. तेवढ्यासाठी चाळीस वर्षं पगार घेतला.”

“मग बोलला का नाहीत?”

आबांनी फळीकडे पाहिलं. “ताटात वाढलेलं होतं,” ते म्हणाले. “आणि तुझा चेहरा बरा नव्हता.”

शर्यतींच्या आदल्या दुपारी दोघं पंपघरात गेली. तिनं प्रत्येक स्क्रूखाली रुंद वायसर घातला, दाब पसरावा म्हणून. मग स्क्रू ड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला. ते म्हणाले, तू. ती म्हणाली, माझ्या हातून मोडल्याचा पुरावा तुम्हीच पाहिलात. शेवटी ठरलं की दोन त्यांनी, दोन तिनं, आणि समोरासमोरचे आळीपाळीनं, म्हणजे डोकं वाकडं बसणार नाही.

आबांनी पहिला बसवला. तळहात मुठीपासून मागे धरला होता, जणू कुणी तो पकडून ठेवला आहे. स्क्रू टेकला, बोटं थांबली. त्यांनी हात काढून घेतला आणि कपाळ पुसलं. तिनं दुसरा बसवला. ती थांबली तेव्हा ते म्हणाले, “आणखी केसभर.” तिनं केसभर फिरवला. “झालं,” ते म्हणाले. तिसऱ्याच्या वेळी तेच तिनं त्यांना सांगितलं, फक्त उलट: “बास आबा.” ते बास झाले. चौथा तिनं एकटीनं बसवला आणि त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही, हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं असावं.

आधी साध्या पाण्यावर पंप चालवला, दोन तास. टीपकागद घेऊन आबा दर दहा मिनिटांनी कड टिपत होते. कागद कोरडा. मग तिनं आम्ल भरलं, त्यांना बाहेर उभं केलं, आणि पुन्हा पंप सुरू केला. थेंब नाही.

शर्यतीच्या दिवशी पाचशे मुलं पाण्यात उतरली. तिनं दर तासाला नमुना घेतला. रंग दिवसभर हवा तसाच राहिला. व्यवस्थापक मधेच पंपघरात डोकावला, चार पांढरे ठिपके पाहून म्हणाला, “हे प्लास्टिकचे?” तिनं होय म्हटल्यावर त्यानं हात लावून बघायचा विचार केला असावा, पण खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची नजर पाहून तो परत गेला.

प्लास्टिक दाबाखाली हळूहळू सैलावतं, म्हणून पुढे दर सोमवारी ते चार स्क्रू तपासावे लागत. सोमवार आबांनी आपलाच करून टाकला. वर्ष झालं, एकही स्क्रू बदलावा लागला नाही. दुकानदारिणीकडून मागवलेले जास्तीचे तिच्या खणात पडून आहेत.

परवाच्या सोमवारी आबांनी चारही स्क्रू तपासले, स्क्रू ड्रायव्हर पुसून ठेवला, आणि निघता निघता गाळणीच्या जाड नळीपाशी थबकले.

“हा पट्टा कुणी आवळलाय?”

“मी.”

“वाटलंच,” ते म्हणाले, छत्री खुंटीला अडकवली आणि अस्तन्या वर सारल्या.